गोधा, घोरपड, इग्वाना : एका प्राण्याची नावे

मराठीत सरड्यांच्या जातीतील लहान प्राण्यांना पाल, सरडा, सापसुरळी अशी निरनिराळी नावे आहेत. मोठ्या प्राण्यांसाठी मात्र सर्वत्र रूढ असलेले नाव एकच, ते म्हणजे घोरपड. या नावाविषयी सामान्य वाचकास काही शंका नसते. परंतु इंग्रजी-मराठी कोश उघडला की घोटाळा सुरू होतो. कोशात 'इग्वाना' या शब्दापुढे घोरपड आढळते, 'मॉनिटर' या शब्दापुढेही घोरपडच आढळते, आणि दोन्ही शब्द एकाच प्राण्याचे असावेत असा समज होतो. वस्तुतः इग्वाना व घोरपड हे प्राणी एकमेकांपासून फार दूरचे आहेत. एक अमेरिका खंडातील, बहुधा पाला खाणारा. दुसरा आशिया, आफ्रिका व ऑस्ट्रेलिया या खंडांतील, मांसभक्षक.

हा केवळ कोशकारांचा दोष मानून भागणार नाही. या प्राण्याला संस्कृतापासून आजपर्यंत जी नावे मिळाली, त्यांपैकी बरीचशी नावे कोणत्या ना कोणत्या गैरसमजातून निघालेली आहेत, किंवा त्यांनी नवा गैरसमज निर्माण केला आहे. या गैरसमजांचे परिणाम शब्दकोशाच्या पानांपुरते राहिलेले नाहीत. ते प्राण्यासही भोगावे लागले आहेत. म्हणून प्रथम प्राण्याची लक्षणे व नंतर त्याची नावे, अशा क्रमाने या विषयाचा विचार करणे सोयीचे होईल.

१. प्राण्याची लक्षणे

घोरपडीचे कुल 'व्हॅरॅनिडी' व प्रजाती 'व्हॅरॅनस'. भारतात या प्रजातीच्या चार जाती आढळतात. बंगाली घोरपड, म्हणजे 'व्हॅरॅनस बेंगालेन्सिस', जवळजवळ सर्व देशभर आहे. पिवळी घोरपड उत्तरेकडील नद्यांच्या सखल प्रदेशात, वाळवंटी घोरपड राजस्थान व त्याच्या आसपासच्या शुष्क भागात, आणि पाणघोरपड सुंदरबन, ओडिशाचा किनारा, ईशान्य भारत व अंदमान बेटे येथे आढळते. महाराष्ट्रात घोरपड म्हणून जी सर्वत्र दिसते ती बंगाली घोरपड होय. नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा व इगतपुरीकडील डोंगराळ रानांपासून पूर्वेकडील उघड्या माळांपर्यंत तिला मानवेल अशी जागा आहे. तिच्या नावातील 'बंगाली' हे विशेषण केवळ प्रथम वर्णन झालेल्या नमुन्याचे स्थळ सुचविते. त्यावरून ती बंगालची रहिवासी ठरत नाही.

पूर्ण वाढलेली घोरपड शेपटीसह पावणेदोन मीटरपर्यंत लांब होऊ शकते. यात निम्म्याहून अधिक लांबी शेपटीची असते. अंग करड्या-तपकिरी रंगाचे, मान लांब, डोके निमुळते, पाय बळकट व नखे वाकडी आणि तीक्ष्ण असतात. पालीची शेपटी तुटते आणि पुन्हा उगवते. घोरपडीची शेपटी तशी तुटून पडत नाही. ती तिचे शस्त्र आहे. कोंडीत सापडलेली घोरपड शेपटीचा चाबकासारखा फटका मारते, गळा फुगविते व मोठ्याने फूत्कार टाकते.

तिची जीभ सापाच्या जिभेसारखी लांब व दुभंगलेली असते. जीभ बाहेर काढून ती हवेतील व जमिनीवरील गंधकण टिपते आणि ते टाळूतील जेकबसनच्या इंद्रियाकडे पोचविते. जिभेची दोन टोके दोन जागचे कण टिपत असल्याने गंध कोणत्या बाजूस अधिक आहे हे तिला कळते. या जिभेत दंश करण्याची किंवा विष सोडण्याची कसलीही सोय नसते. तिचे खाद्य म्हणजे भुंगेरे व इतर कीटक, खेकडे, बेडूक, उंदीर, पक्ष्यांची व अन्य प्राण्यांची अंडी, लहान साप आणि मेलेली जनावरे. शेताच्या बांधावर वावरणारी घोरपड शेतकऱ्याचे नुकसान क्वचितच करते. उंदीर व किडे खाऊन ती त्यास साहाय्यच करते. मादी पावसाळ्याच्या दिवसांत बिळात किंवा वाळवीच्या वारुळात अंडी घालते. ती साधारण वीसच्या आसपास असतात व त्यांतून पिल्ले बाहेर पडण्यास कित्येक महिने लागतात.

गळा फुगविणे हे केवळ रागाचे लक्षण आहे असे पूर्वी समजत. सामान्यतः सरडा धावू लागला की त्याच्या शरीराच्या दोन्ही बाजूंचे स्नायू पळण्याच्या कामी गुंततात आणि श्वासोच्छ्वास अपुरा पडतो. म्हणून तो थोडे धावतो व थांबतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने असे दाखविले की, घोरपडीच्या कुलातील प्राणी गळ्याच्या पोकळीचा पंपासारखा उपयोग करून फुप्फुसांत हवा ढकलतात, आणि त्यामुळे त्यांस इतर सरड्यांपेक्षा अधिक वेळ धावता येते. भक्ष्याच्या शोधात दिवसभर हिंडणाऱ्या प्राण्यास ही सोय अत्यावश्यक होय. याच कुलातील सर्वांत मोठा प्राणी म्हणजे इंडोनेशियातील कोमोडो बेटावरील घोरपड. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन १९१२ साली झाले. तिची लांबी तीन मीटरपर्यंत जाते.

याच्या तुलनेत इग्वाना पाहावा. हिरवा इग्वाना लांबीने घोरपडीच्या तोडीचा असतो. परंतु त्याची जीभ जाड व मांसल असते. पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत काट्यांची रांग असते, गळ्याखाली मोठा पडदा लोंबतो, आणि संकटात त्याची शेपटी तुटू शकते. त्याचे मुख्य अन्न पाने, फुले व फळे हे होय. वर्गीकरणाच्या दृष्टीने तो आपल्या कुंपणावरील सरड्यास अधिक जवळचा आहे. आकार सोडला तर दोघांत साम्य थोडे. पण नाव देणाऱ्यांचे लक्ष प्रथम आकाराकडेच गेले.

२. गोधा ते घोरपड

संस्कृतात या प्राण्याचे नाव 'गोधा'. दोन स्वरांमधील 'ध' चा प्राकृतात 'ह' होतो, हे सर्वपरिचित आहे. दधि-दही, बधिर-बहिरा, गोधूम-गहू ही मराठीतील उदाहरणे त्याच नियमाची. त्याप्रमाणे 'गोधा' चे प्राकृत रूप 'गोहा' झाले व त्यापासून हिंदी व पंजाबीतील 'गोह' सिद्ध झाला. नेपाळीत 'गोहोरो', आसामीत 'गुइ', बंगालीत 'गोसाप' किंवा 'गुइसाप', सिंहलीत 'गोया' ही याच कुळातील रूपे होत. ओडियातील 'गोधि' या रूपाने मूळचा 'ध' राखला आहे. दक्षिणेकडे मात्र शब्द निराळा आहे : कन्नड 'उड', तेलुगू 'उडुमु', तमिळ 'उडुम्बु'. प्राण्याच्या प्रसाराचा प्रदेश एकच असूनही नावांच्या दोन राशी स्पष्टपणे वेगळ्या राहिल्या आहेत, आणि मराठीचे नाव त्यांपैकी उत्तरेकडील राशीशी जोडले जाते.

हे नाते पाहण्यासाठी गुजरातीकडे वळावे लागते. गुजरातीत घोरपडीस 'घो' म्हणतात. 'गोह' मधील 'ह' चे महाप्राणत्व आधीच्या 'ग' वर सरकले व 'घो' झाले. हा प्रकार एकाकी नाही. मराठीतील 'गहू' गुजरातीत 'घउं' होतो. 'बाष्प' पासून हिंदीत 'भाप' होतो. प्राकृत 'गेण्हइ' चे मराठीत 'घेणे' होते. महाप्राणत्व शब्दाच्या आरंभाकडे ओढले जाण्याची ही प्रवृत्ती लक्षात घेतली म्हणजे 'घोरपड' मधील 'घो' परका वाटत नाही. नाशिक जिल्ह्याची पश्चिम सीमा ओलांडून सापुताऱ्याच्या पलीकडे डांगात उतरले की प्रमाण भाषा मराठीऐवजी गुजराती होते. त्याच डोंगरातील तोच प्राणी अलीकडच्या ग्रंथांत घोरपड व पलीकडच्या ग्रंथांत घो होतो.

'घोर' या अंशाचा सामान्य माणूस जो अर्थ लावतो तो 'भयंकर' हा. संस्कृत 'घोर' शब्द मराठीत रूढ असल्याने हा अर्थ सुचणे स्वाभाविक आहे. परंतु ही लोकव्युत्पत्ती होय. अपरिचित झालेल्या शब्दात परिचित शब्द पाहण्याची ही रीत स्थलनामांतही आढळते. नाशिक हे नाव शूर्पणखेच्या नासिकेशी जोडणारी कथा पंचवटीत आलेल्या प्रत्येक यात्रेकरूस सांगितली जाते, आणि नऊ शिखरांवरून नाव पडले असे सांगणारेही आहेत. पांडवलेण्यांतील प्राकृत शिलालेखात 'नासिक' हे नाव कोणत्याही कथेवाचून येते. नाव आधी असते व अर्थ मागून चिकटतो, एवढे तरी या उदाहरणावरून दिसते. घोरपडीच्या बाबतीत मागून चिकटलेला अर्थ भीतीचा आहे, आणि त्याचे फळ तिला भोगावे लागले.

तर मग 'घोर' मधील 'र' कोठून आला? त्याचा एक संभाव्य उगम पाणिनीच्या व्याकरणात सापडतो. अपत्यार्थी प्रत्ययांच्या प्रकरणात पाणिनीने 'गोधा' या एकाच शब्दासाठी स्वतंत्र सूत्र केले आहे व त्यावरून 'गौधेर' हे रूप साधले आहे. लगेच पुढील सूत्रात उत्तरेकडील वैयाकरणांच्या मते 'गौधार' असे रूप होते असे तो सांगतो. याखेरीज 'गौधेय' हे तिसरे रूपही परंपरेने मान्य केले आहे, आणि अमरकोशाने तिन्ही रूपे एकत्र नोंदविली आहेत. एका प्राण्याच्या अपत्याच्या नावासाठी एवढी रूपे, आणि त्यांत प्रदेशभेदाचाही उल्लेख, यावरून हा शब्द नित्याच्या बोलण्यातील असावा असे दिसते. नेपाळीतील 'गोहोरो' व हिंदीतील 'गोहेरा' या रूपांतील 'र' याच 'गौधेर-गौधार' मालिकेतील असणे संभवते. मराठी 'घोर-' हे अंग त्याच मालिकेत बसविता येते. 'पड' या उत्तरांगाचा उलगडा त्याने होत नाही हे खरे. तथापि 'भयंकर' या अर्थापेक्षा हे स्पष्टीकरण ध्वनिनियमांशी अधिक सुसंगत आहे.

३. गौधेर आणि विषाचा समज

'गौधेर' म्हणजे गोधेचे पिल्लू. पण भाषेत निराळे नाव मिळाले की प्राणीही निराळा मानला जातो, याचे हा शब्द उत्तम उदाहरण आहे. चरकसंहितेतील विषचिकित्सेच्या अध्यायात 'गौधेरक' नावाचा प्राणी येतो. तो गोधेच्या ठायी जन्मलेला, चार पायांचा आणि कृष्णसर्पाच्या तोडीचा सर्प म्हणून वर्णिला आहे. साप हा पिता व गोधा ही माता अशी समजूत पुढील टीकाकारांत रूढ झाली. व्याकरणातील साधे अपत्यवाचक नाव येथे एका विषारी संकरजातीचे नाव झाले.

ही समजूत ग्रंथातच राहिली नाही. हिंदी प्रदेशात 'बिसखोपरा' आणि राजस्थानात 'गोयरा' या नावांनी एक प्राणी ओळखला जातो. तो घोरपडीहून लहान, ठिपक्यांचा व पट्ट्यांचा असून त्याच्या दंशाने माणूस तत्काळ मरतो, असे लोक सांगतात. शास्त्रज्ञांनी अशा प्राण्यांची तपासणी केली तेव्हा ती बहुधा घोरपडीची पिल्लेच ठरली. घोरपडीचे पिल्लू रंगाने प्रौढ प्राण्याहून उठावदार असते. अंगावर फिकट ठिपके व गडद पट्टे असतात. ते झाडावर अधिक वावरते व क्वचित दृष्टीस पडते. वाढत्या वयाबरोबर हे रंग मंदावतात. यामुळे आई व पिल्लू या दोन जाती वाटल्या. त्यात दुभंगलेली जीभ व फूत्कार यांची भर पडली आणि सापाशी नाते जोडण्यास आधार मिळाला. बंगालीत तर ते नाते नावातच आले : 'गोसाप' मध्ये साप उघड आहे, आणि 'गो' चा मूळ अर्थ विसरल्यामुळे तेथे गाय दिसू लागते.

विषाच्या प्रश्नाचे आधुनिक उत्तर थोडे सावधपणे द्यावे लागते. २००६ नंतरच्या काही संशोधनांत असे प्रतिपादन झाले की, व्हॅरॅनस प्रजातीच्या खालच्या जबड्यात ग्रंथी असून त्यांतून सापाच्या विषाशी साम्य असलेली काही प्रथिने स्रवतात. या स्रावास विष म्हणावे की नाही यावर प्राणिशास्त्रज्ञांत मतभेद आहे. परंतु आपल्याकडील घोरपडीच्या चाव्याने माणूस मरतो या समजुतीस त्यातून आधार मिळत नाही. चावा जखम करणारा, दुखणारा व स्वच्छ न केल्यास चिघळणारा असतो. तो सापाचा दंश नव्हे. 'गौधेर' हा शब्द आणि त्याभोवतीची भीती ही दोन्ही शतकानुशतके बरोबर चालत आली, आणि त्या भीतीपोटी पिल्ले दिसताच मारली जातात. शब्द व समजूत यांचे एवढे दीर्घ साहचर्य क्वचितच आढळते.

४. परदेशी नावांचा गोंधळ

पाश्चात्त्य नावांची कथा याहून चमत्कारिक आहे. अरबीत या प्राण्यास 'वरल' म्हणतात. त्याच्याच 'वरन' या रूपावरून १८२० साली मेरेम या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने 'व्हॅरॅनस' हे प्रजातीनाम योजिले. परंतु जर्मन कानांस हा शब्द 'वार्नेन', म्हणजे इशारा देणे, या क्रियापदासारखा वाटला, आणि या प्राण्याचे नाव 'इशारा देणारा सरडा' असे पडले. त्याचेच लॅटिन भाषांतर 'मॉनिटर'. लिनीअसने १७५८ साली हेच नाव एका जातीस दिले होते. मग नावास साजेशी कथाही रूढ झाली की, मगर जवळ आली म्हणजे हा प्राणी माणसास सावध करतो. वर्गनायकास आपण शाळेत 'मॉनिटर' म्हणतो तो शब्द व हा शब्द लॅटिनमध्ये एकच; पण प्राण्याकडे तो आला तो एका अरबी शब्दाच्या चुकीच्या उच्चारसाम्यामुळे.

बंगाली घोरपडीचे पहिले शास्त्रीय नामकरण दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०२ साली केले. त्याने तिला 'ट्युपिनांबिस' या प्रजातीत घातले. ट्युपिनांबा हे ब्राझीलमधील एका मूलनिवासी समाजाचे नाव. सतराव्या शतकातील एका ग्रंथात, अमुक सरड्यास ट्युपिनांबा लोक 'तेमापारा' म्हणतात, असे लिहिले होते. वाचणाऱ्यांनी लोकांचे नाव हेच सरड्याचे नाव समजले. अशा रीतीने भारतातील गोधा काही काळ शास्त्रीय ग्रंथांत ब्राझीलमधील एका समाजाच्या नावाने वावरली.

'इग्वाना' हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतील. स्पॅनिश लोकांनी तो उचलला व युरोपात नेला. पुढे युरोपीय व्यापारी व वसाहतवाले जगात जेथे जेथे गेले, तेथे मोठा सरडा दिसला की तोच शब्द त्यांच्या तोंडी आला. डच भाषेत त्याचा 'लेगुआन' झाला आणि दक्षिण आफ्रिकेत त्यापासून घोरपडीचे 'लिक्कवान' हे नाव तयार झाले. ऑस्ट्रेलियात 'गोआना' झाले. हिंदुस्थानातील इंग्रज घोरपडीस 'ग्वाना' किंवा 'इग्वाना' म्हणत. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात हा शब्द मुळात भारतीय नाही व तो प्राणीही भारतातील नाही, अशी स्पष्ट नोंद आहे. परंतु तोवर घोटाळा कोशांत शिरला होता. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाने घोरपडीचा अर्थ देताना इग्वाना हाच शब्द वापरला, कारण त्या काळच्या इंग्रजी वाचकास तोच समजत होता. पुढील कोशकारांनी ती नोंद उलट दिशेने वाचली, आणि मराठीत इग्वानाची घोरपड झाली. आज अमेरिकेतील इग्वानाविषयीचा मजकूर भाषांतरित करताना जो 'घोरपड' हा शब्द येतो, त्याचे मूळ येथे आहे. कोशातील नोंद तिच्या काळाच्या संदर्भात वाचली पाहिजे, हा त्यातील बोध होय. मराठीत 'इग्वाना' शब्द तसाच ठेवणे हाच सरळ मार्ग आहे.

५. पकड

या सर्व नावांत व समजुतींत भाषेने प्राण्याचे एक लक्षण मात्र अचूक टिपले आहे. ते म्हणजे त्याची पकड. मराठीत न सुटणाऱ्या माणसास 'घोरपडीसारखा चिकटला' असे म्हणतात. तमिळमध्ये 'उडुम्बुप्पिडि' व तेलुगूत 'उडुमु पट्टु', म्हणजे घोरपडीची पकड, हे शब्दप्रयोग त्याच अर्थाने चालतात. नावांच्या राशी निराळ्या, पण उपमा एकच. कारण ती निरीक्षणातून आलेली आहे. खडकाच्या कपारीत शिरलेली घोरपड नखे रोवते, अंग फुगविते व कपारीत घट्ट बसते. मग शेपूट धरून ओढूनही ती बाहेर येत नाही.

मराठ्यांच्या इतिहासात ही पकड दोन ठिकाणी येते. मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या परंपरेनुसार पंधराव्या शतकात, महमूद गावानच्या मोहिमेत, त्यांच्या पूर्वजाने घोरपडीच्या साहाय्याने खेळणा किल्ला, म्हणजेच विशाळगड, सर केला व त्यावरून हे उपनाव मिळाले. सेनापती संताजी घोरपडे यांच्यामुळे हे आडनाव महाराष्ट्रभर परिचित आहे. दुसरी कथा सिंहगडाची. ४ फेब्रुवारी १६७० रोजीच्या लढाईत तानाजी मालुसरे यांनी यशवंती नावाच्या घोरपडीस दोर बांधून कडा चढविला, असे लोक सांगतात. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात घोरपड आहे. राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत मात्र कडा चढणारे मावळे आहेत, घोरपड नाही.

प्राण्याच्या लक्षणांवरून पाहता कथेतील अडचण ध्यानी येते. घोरपडीची पकड बळकट असते ती ती स्वतः कपारीत दडून बसली असता. कडा चढत असताना एका जागी नखे रोवून माणसाचा भार तोलण्याचे तिला कारण नाही, आणि माणसाच्या वजनापुढे तिचे वजन अगदी थोडे. म्हणूनच 'घोरपड' हे कडे चढण्याच्या एखाद्या साधनाचे किंवा कड्यांवर चढण्यात तरबेज माणसांचे नाव असावे, असा तर्क काहींनी केला आहे. प्राण्याच्या एका गुणावरून साधनास वा माणसास नाव पडणे भाषेत नेहमीचेच आहे. पण साधनाचे नाव ठरो वा प्राण्याचे, ज्या समाजाने ही कथा सांगितली त्याला घोरपडीचे कपारीतील बळ नीट ठाऊक होते, एवढे निश्चित.

६. कातडे, तेल आणि कायदा

घोरपडीचा माणसाशी संबंध नावापुरता कधीच नव्हता. पाच नखांच्या ज्या थोड्या प्राण्यांचे मांस धर्मशास्त्राने भक्ष्य ठरविले, त्यांत गोधा आहे. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी याच नियमाचा दृष्टान्त दिला आहे. पाच नखांचे पाच प्राणी भक्ष्य आहेत असे म्हटले की बाकीचे अभक्ष्य हे न सांगता कळते; त्याप्रमाणे शुद्ध शब्द शिकविले की अपशब्द कोणते हे आपोआप समजते, असे त्याचे म्हणणे. व्याकरणाच्या प्रयोजनाची चर्चा अशा रीतीने गोधेच्या पंक्तीस बसली.

कातड्याचा उपयोगही जुना आहे. संस्कृतात 'गोधा' या शब्दाचा दुसरा अर्थ धनुष्याच्या दोरीचा आघात होऊ नये म्हणून डाव्या हातावर बांधावयाचे चामडी आवरण असा आहे. रामायण-महाभारतातील वीरांच्या वर्णनात 'गोधा' व 'अंगुलित्राण' हे शब्द जोडीने येतात. महाराष्ट्रात खंडोबाच्या जागरणात वाघ्या जी दिमडी वाजवितो, ती घोरपडीच्या कातड्याने मढविण्याची रीत होती. नाशिक जिल्ह्यात मालेगावाजवळील चंदनपुरी हे खंडोबाचे प्रसिद्ध स्थान असून बाणाईच्या कथेशी ते निगडित आहे. गोव्यातील घुमट व दक्षिणेतील खंजिरी यांनाही हेच कातडे वापरीत. आता घुमटास शेळीचे कातडे लावतात. वाद्य टिकले व प्राणीही वाचला, असा हा बदल आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याने घोरपडीस पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत, स्थान दिले असून २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ते कायम आहे. शिकार किंवा अवयवांचा व्यापार केल्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची व दंडाची तरतूद आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातही बंगाली घोरपड पहिल्या परिशिष्टात आहे. असे असूनही सांधेदुखीवर तेल म्हणून, पौरुषवर्धक म्हणून व मांसासाठी ती मारली जाते. या औषधी गुणांस आधुनिक वैद्यकाचा आधार नाही.

या व्यापारात भाषेचा हात किती असतो याचे सर्वांत ठळक उदाहरण 'हत्ताजोडी' हे होय. जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी ही वस्तू दुर्मिळ वनस्पतीची मुळी म्हणून, संपत्ती व यश देणारी पूजावस्तू म्हणून विकली जाते. संशोधकांनी तपासणी केली तेव्हा विकली जाणारी हत्ताजोडी ही नर घोरपडीची वाळविलेली जननेंद्रिये असल्याचे आढळले. २०१७ साली ही गोष्ट जगभर प्रसिद्ध झाली. कित्येक घेणाऱ्यांना आपण प्राण्याचा अवयव घरात ठेवीत आहोत याची कल्पनाही नसते. मांस व कातडे यांपासून दूर राहणारे श्रद्धाळू कुटुंब तो देव्हाऱ्यात पुजते. कायद्याच्या अनुसूचीत 'हत्ताजोडी' हा शब्द शोधणाऱ्यास तो सापडणार नाही; तेथे प्राण्याचे नाव आहे. वस्तूचे नाव व प्राण्याचे नाव यांतील हे अंतर जोवर लोकांस समजत नाही, तोवर कायद्याची अर्धी शक्ती वाया जाते.

'गौधेर' या नावाने पिल्लू विषारी ठरविले. 'घोर' या अर्थाने प्राणी भयंकर केला. 'मॉनिटर' ने त्यास नसलेला गुण चिकटविला. 'इग्वाना' ने त्याची ओळखच बदलली. आणि 'हत्ताजोडी' ने त्याचा मृत्यू झाकून ठेवला. यांपैकी पहिल्या चार नावांचा विचार हा भाषाशास्त्राच्या वर्गातील नित्याचा विषय आहे. पाचवे नाव मात्र आजच्या बाजारात आहे. शब्दांचे मूळ शोधणाऱ्या विद्यार्थ्याने एवढे जरी आपल्या गावी सांगितले की बांधावर दिसलेले ठिपक्यांचे पिल्लू घोरपडीचे आहे व पुड्यातील ती मुळी नव्हे, तरी व्युत्पत्तीच्या अभ्यासाचा एक उपयोग सिद्ध होईल.